बॅटरीच्या बोल्टवरची गर्दी: मोटरसायकलला वेगळा फ्यूज बॉक्स बसवताना

लांबच्या फिरतीवर जाणाऱ्या एखाद्या बुलेटची सीट उघडून बॅटरीकडे बघा. पॉझिटिव्हच्या बोल्टवर कंपनीची एक जाड वायर असते आणि तिच्या डोक्यावर फॉग लाइटची, मोबाइल चार्जरची, हॉर्नची, जीपीएस ट्रॅकरची अशा चार-पाच रिंगा एकावर एक रचलेल्या असतात. बोल्टचे जेमतेम दोन आटे नटात बसलेले. निम्म्या वायरींना फ्यूजच नाही. ज्यांना आहे त्यांचा फ्यूज काळ्या टेपच्या गुंडाळीत, टाकीखाली कुठेतरी. ताम्हिणी घाटात भर पावसात दिवे गेले की तो शोधायचा कसा, हा प्रश्न त्या दिवशीच पडतो.

वेगळा फ्यूज बॉक्स हा या गर्दीवरचा उपाय. घरात मीटरपासून एक जाड वायर डीबीत (मुख्य बोर्डात) येते आणि तिथून खोलीखोलीला स्वतंत्र एमसीबी मिळतो, तसंच इथे. बॅटरीवरून एकच जाड वायर निघते, सीटखालच्या छोट्या डबीत येते आणि तिथून प्रत्येक वस्तूला स्वतःचा फ्यूज मिळतो. कंपनीच्या हार्नेसला, म्हणजे वायरींच्या मूळ जुडग्याला, हात लागतो तो एकाच जागी (जादा हॉर्न लावला तर त्याच्या वायरींनाही), आणि तिथूनही पाव अँपिअरपेक्षा कमी करंट घेतला जातो.

फ्यूज कोणाला वाचवतो

फ्यूज चार्जरला किंवा दिव्याला वाचवतो असा सार्वत्रिक समज आहे. तो वाचवतो वायरीला. आत काय बिघडलं, चार्जर जळाला की दिवा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. वायरीतून तिला सोसवेल त्याहून जास्त करंट वाहू लागला की आपण तुटायचं, एवढंच त्याचं काम.

हे आकड्यांत बघू. तांब्याच्या १ स्क्वेअर एमएम वायरीचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.०१७५ ओहम. ०.७५ ची वायर घेतली तर मीटरला ०.०२३. मोटरसायकलची ८-९ अँपिअर-अवरची (साधारण एक अँपिअर ८-९ तास पुरवणारी) बॅटरी दिसायला लहान असली तरी ती स्टार्टर फिरवते, म्हणजे शॉर्ट झाल्यावर १०० अँपिअर सहज देते. १०० चा वर्ग गुणिले ०.०२३: मीटरभर वायरीत २३० वॉट उष्णता. दोरीएवढ्या जाडीच्या पीव्हीसीत २३० वॉट म्हणजे काही सेकंदांत आवरण वितळणार, शेजारच्या वायरीचंही वितळवणार, आणि हे सगळं पेट्रोलच्या टाकीखाली.

यातून दोन नियम निघतात. पहिला: फ्यूजचा आकडा वायरीच्या क्षमतेपेक्षा मोठा कधीच नको. सारखा उडतो म्हणून ५ च्या जागी १५ चा फ्यूज घालणं, किंवा त्याहून भारी म्हणजे सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं, यात वायरच फ्यूज होते. दुसरा: मुख्य फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा, १५ सेंटिमीटरच्या आत. बॅटरी ते फ्यूज हा तुकडा बिनसंरक्षणाचा असतो, म्हणून तो जितका आखूड तितका बरा. फ्यूज बॉक्समध्ये सहा फ्यूज आहेत म्हणून बॅटरीजवळचा गाळणारे बरेच भेटतात. मग बॅटरीपासून बॉक्सपर्यंतची सगळ्यात जाड वायर उघड्यावर राहते.

आधी हिशोब, मग खरेदी

काय काय लावायचं ते कागदावर लिहा आणि प्रत्येकाचे वॉट भागिले १३.५ करा. १२ ने नाही, कारण इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट असतात. एक नेहमीचा संच धरू.

एलईडी फॉग लाइटची जोडी, २० वॉटचा एक, म्हणजे ४० वॉट: ३ अँपिअर. दोन तोंडांचा जलद चार्जर, मिळून ३६ वॉट. आतल्या सर्किटात थोडी वीज वाया जाते ती धरून ४२ वॉट: ३ अँपिअरच्या जरा वर. दोन हॉर्नची जोडी: वाजतानाच, पण ८ अँपिअरच्या आसपास. टायरमध्ये हवा भरायच्या छोट्या पंपासाठी सॉकेट: ८ ते १० अँपिअर, गाडी उभी असताना. ट्रॅकर: अगदी किरकोळ, पण चोवीस तास.

फ्यूजला त्याच्या आकड्याच्या पाऊणपटीहून जास्त करंट सतत वाहायला लावू नये, सीटखालच्या उन्हाळ्यात तर नाहीच. म्हणून ३ अँपिअरच्या फॉग लाइटला ५ चा फ्यूज, चार्जरला ५, हॉर्नला १५, पंपाच्या सॉकेटला १५, ट्रॅकरला २. आता वायर. मोकळ्या हवेतल्या टेबलांत मोठे आकडे दिसतात. गाडीवर कंजूष राहावं. ०.५ स्क्वेअर एमएमला जास्तीत जास्त ३ चा फ्यूज, ०.७५ ला ५, १ ला ७.५ किंवा फार तर १०, १.५ ला १५, २.५ ला २०, ४ ला ३०. त्यानुसार फॉग लाइट आणि चार्जरला १ ची वायर, हॉर्न आणि पंपाला १.५ ची.

सगळे शाखांचे फ्यूज मिळून ४२ अँपिअर होतात, मग मुख्य फ्यूज ४० चा हवा का? नाही. मुख्य फ्यूज ठरतो तो प्रत्यक्षात एका वेळी काय चालेल यावर. धावताना फॉग, चार्जर आणि क्षणभर हॉर्न: १४ च्या आसपास. उभं असताना पंप आणि फॉग: १३. मुख्य फ्यूज २० चा आणि मुख्य वायर २.५ ची पुरते. पंप चालू असताना कोणी फॉग लावून हॉर्न दाबून बसला तर मुख्य फ्यूजच्या आकड्यापलीकडे करंट जाईल, फ्यूज उडूही शकेल, आणि उडाला तर त्याने आपलं कामच केलं.

रंग पाठ असले की अंधारात काम सोपं होतं: ब्लेड फ्यूजमध्ये २ करडा, ३ जांभळा, ५ मातकट केशरी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा.

हा झाला वायरीचा हिशोब. वीज बनवणाऱ्याचा वेगळा. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आल्टरनेटरचे वॉट दिलेले असतात, बहुधा ५००० आरपीएमला. समजा २०० आहेत. एच४ हॅलोजनचे ५५, टेल लॅम्पचे ५, इंजेक्शनची गाडी असेल तर पेट्रोल पंप, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), कॉइल मिळून ७०-८० धरा. उरले ६०. फॉग ४० आणि चार्जर ४२ एकदम पूर्ण जोरात चालले तर ८२. वरचे २० वॉट बॅटरी देते, म्हणजे तासाला दीड अँपिअर-अवर. रात्रभराच्या प्रवासात ८ ची बॅटरी कुठे जाईल ते दिसतंच आहे. आणि हे ५००० आरपीएमचं गणित. सिग्नलला आयडलवर उभं असताना आल्टरनेटर याच्या निम्मंही देईल याची खात्री नाही. गाडी उभी राहिली की फॉग बंद करायची सवय लागली पाहिजे ती यासाठी.

एक गंमत इथे सांगण्यासारखी. बहुतेक मोटरसायकलींचा आल्टरनेटर कायम चुंबकाचा असतो, तो इंजिनच्या वेगाप्रमाणे वीज बनवतच राहतो. साधा शंट रेक्टिफायर-रेग्युलेटर (एसीची डीसी करून व्होल्टेज आवरणारा भाग) जादाची वीज शॉर्ट करून उष्णतेत घालवतो. त्याला पंख असतात आणि हात लावला की चटका बसतो तो म्हणून. तेव्हा क्षमतेच्या आतलं लोड लावल्याने आल्टरनेटरवर ताण येतो ही भीती फुकाची आहे. क्षमतेबाहेर गेलं की मात्र थेट बॅटरीला भोवतं.

रिले कशाला

ट्रॅकर सोडून बाकी सगळं किल्लीबरोबर बंद झालं पाहिजे. पण १४ अँपिअर किल्लीच्या स्विचमधून नेणं म्हणजे त्याचे काँटॅक्ट जाळणं. म्हणून रिले: किल्लीकडून आलेला चिमूटभर करंट आतल्या कॉइलला चुंबक बनवतो आणि तो चुंबक मोठ्या करंटचा दरवाजा उघडतो. गाड्यांच्या नेहमीच्या चौकोनी रिलेच्या कॉइलचा रेझिस्टन्स ७०-९० ओहम, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे मिलिअँपिअर. कंपनीच्या कुठल्याही वायरीला एवढं जड नाही.

रिलेवर आकडे कोरलेले असतात. ३० वर बॅटरीकडून मुख्य फ्यूजमधून येणारी वायर. ८७ वरून फ्यूज बॉक्सच्या इनपुटला. ८६ वर किल्लीकडचा इशारा, ८५ निगेटिव्हला. पाच पायांच्या रिलेत मधोमध ८७ए असतो. तिथे वायर गेली तर उलटं होतं, किल्ली बंद असताना सगळं चालू आणि किल्ली लावली की बंद. रात्रीत बॅटरी उतरते आणि दोष रिलेला मिळतो. चार पायांचाच घ्या, म्हणजे ही शक्यताच उरत नाही.

कॉइल बंद होताना व्होल्टेजचा एक उलटा झटका देते. तो हार्नेसमध्ये जाऊ नये म्हणून आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले मिळतो. त्यात ८६ ला पॉझिटिव्ह आणि ८५ ला निगेटिव्ह हे पाळावंच लागतं, उलट जोडल्यास डायोड शॉर्ट होतो. साधा रिले असेल तर १एन४००७ हा एक-दोन रुपयांचा डायोड ८५ आणि ८६ मध्ये लावता येतो, डायोडवरची पट्टी ८६ कडे.

इशारा कुठून घ्यायचा हा या कामातला खरा नाजूक प्रश्न. भारतात १ एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींना हेडलाइट आपोआप चालू राहण्याची सोय सक्तीची आहे, त्यामुळे अशा गाड्यांत हेडलाइटचा स्विच नाही आणि टेल लॅम्पची वायर बहुधा किल्लीबरोबर जिवंत होते. ती सीटजवळच असते, सोयीची. पण तीन सापळे आहेत. जुन्या कम्युटर गाड्यांत हेडलाइट, कधी टेल लॅम्पही, मॅग्नेटोच्या (इंजिनवरच्या जनित्राच्या) एसीवर चालतो; तिथून इशारा घेतला तर रिले मधमाशीसारखा गुणगुणतो आणि लवकर मरतो. अशा गाडीत ब्रेक स्विचकडे जाणारी किल्लीनंतरची डीसी वायर घ्या. काही गाड्यांच्या किल्लीला पार्किंगची जागा असते, तिथे टेल लॅम्प चालू राहतो आणि त्याच्याबरोबर तुमचा फ्यूज बॉक्सही. आणि नव्या काही गाड्यांत टेल आणि ब्रेकचे एलईडी एकच असून टेलचा मंद प्रकाश झपाट्याने चालू-बंद करून काढलेला असतो. तिथेही रिले फडफडतो. कंपनीने यूएसबीसाठी किंवा ॲक्सेसरीसाठी वेगळा प्लग ठेवला असेल तर दुसरीकडे बघूच नका.

वायरीच्या रंगावर विसंबू नये. होंडा आणि हिरोच्या गाड्यांत हिरवी वायर अर्थची असते, यामाहात काळी, बजाजच्या कित्येक गाड्यांत काळ्यावर पिवळी रेघ. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल सुई संशयित वायरीच्या प्लगमध्ये मागून. किल्ली बंद: शून्य. किल्ली चालू: बारा-साडेबारा. इंजिन चालू: स्थिर चौदाच्या आसपास. आकडा नाचत असेल तर ती वायर सोडा.

ती फोडायची कशी? बाजारात निळ्या रंगाची दाबून बसवायची क्लिप मिळते, आत एक पातं वायरीचं आवरण कापून तांब्याला टेकतं. दोन मिनिटांचं काम, आणि दोन पावसाळ्यांचं आयुष्य: पातं काही तारा तोडतं, कापलेल्या जागेतून पाणी शिरतं आणि तांब्यावर हिरवा कळंक चढतो. त्यापेक्षा टेल लॅम्पच्या प्लगसारखेच नर-मादी प्लग आणून मध्ये बसेल असा छोटा जोडतुकडा बनवावा आणि फाटा त्यातून काढावा. हार्नेस अखंड राहतो, विकताना जोडतुकडा काढला की गाडी पूर्ववत, आणि वॉरंटीवरून सर्व्हिस सेंटरशी वाद घालायची वेळ येत नाही. या फाट्यालाही १ किंवा २ अँपिअरचा स्वतःचा फ्यूज द्या. रिलेची वायर कुठे घासली तर टेल लॅम्पचा, कधी त्याच फ्यूजवरच्या मीटरचाही, बळी जाऊ नये.

सामान

सहा घरांचा, झाकणाचा आणि निगेटिव्ह पट्टी असलेला ब्लेड फ्यूज बॉक्स घ्या. निगेटिव्ह पट्टीचा आग्रह का ते पुढे येईल. आत रिले असलेलेही बॉक्स मिळतात. काहींत फ्यूज एका खाचेत घातला तर घर कायम चालू, शेजारच्या खाचेत घातला तर किल्लीबरोबर. महाग पडतात, पण निम्मं वायरिंग वाचतं. बाकी: ३०/४० अँपिअरचा रिले आणि त्याचा सॉकेट, पाणी न शिरणारा इनलाइन फ्यूज होल्डर (जाड वायरीचा, पातळ शेपट्यांचा २० च्या फ्यूजला चालत नाही), लाल आणि काळी २.५ ची वायर दोन-दोन मीटर, १ आणि १.५ ची गरजेप्रमाणे, इशाऱ्यासाठी ०.५ ची दोन मीटर, ६ मिमी भोकाच्या रिंग लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या रिंगा), हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी), लवचीक नळी, प्लॅस्टिकचे टाय. पुण्यात हे सगळं नाना पेठ आणि तापकीर गल्ली मिळून होतं, मुंबईत रिले-मीटर-वायर लॅमिंग्टन रोडला.

वायर घेताना टोक नखाने खरवडून बघा. तांबूस थराखाली पांढरं दिसलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची, नको. घरच्या वायरिंगची एक तारेची कडक वायर कंपनांनी तुटते, तीही नको. बारीक अनेक तारांची घरगुती एफआर वायर सीटखाली चालून जाते, पण तिचं आवरण ७० अंशांपर्यंतचं असतं. इंजिनच्या बाजूने जाणाऱ्या वायरीला वाहनांसाठीचीच घ्यावी. फ्यूज नामवंत कंपनीचे घ्या. पाच रुपयांना मूठभर मिळणाऱ्या फ्यूजमधली पट्टी दुप्पट करंटलाही तुटत नाही असं होतं, आणि मग वरचं सगळं गणित पाण्यात.

जोडणी

निगेटिव्ह आधी सोडायचा, नेहमी. पॉझिटिव्ह सोडताना पाना चेसिसला टेकला तर शॉर्ट होतो. निगेटिव्ह आधीच सुटलेला असेल तर टेकूनही काही होत नाही. जोडताना उलट: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह सगळ्यात शेवटी.

बॉक्सची जागा ठरवताना सीट लावून, वर कोणाला तरी बसवून बघा. सीटच्या तळाची बरगडी झाकणावर टेकते हे अनेकांना पहिल्या खड्ड्यात कळतं. मागचं चाक पूर्ण दबल्यावर कुठवर येतं, सायलेन्सरची धग कुठे लागते, चिखलाचं पाणी कुठल्या फटीतून उडतं, हेही. रिले पाय खाली करून लावा, म्हणजे आत पाणी साचत नाही. बॉक्सकडे येणाऱ्या प्रत्येक वायरीला शेवटी खाली झोळ द्या. वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, बॉक्सच्या तोंडात शिरत नाही. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत एवढी एक गोष्ट वर्षं वाढवते.

मग क्रम असा. बॅटरी पॉझिटिव्ह ते इनलाइन फ्यूज होल्डर (फ्यूज अजून घालायचा नाही), तिथून रिलेचा ३०. ८७ वरून बॉक्सच्या इनपुटला. बॉक्सच्या निगेटिव्ह पट्टीवरून तितक्याच जाडीची काळी वायर सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला. ८५ त्याच पट्टीवर, ८६ इशाऱ्याला. ट्रॅकरची वायर रिलेच्या आधी, मुख्य फ्यूजनंतरच्या बाजूने घ्यायची आणि तिला वेगळा २ चा फ्यूज. साध्या बॉक्समध्ये सगळी घरं किल्लीवरच असतात.

निगेटिव्ह चेसिसला का नाही? चालतं, पहिल्या वर्षी. चेसिसवर रंग असतो, बोल्टखाली गंज येतो, आणि हँडलवरच्या वस्तूंचा करंट स्टीअरिंगच्या बेअरिंगमधून परत यायला लागतो, तो ग्रीसमधून रडतखडत येतो. दिवा मिणमिणतो आणि माणूस दिवाच बदलत बसतो. प्रत्येक वस्तूची काळी वायर बॉक्सच्या पट्टीवर आणली की शोधायला एकच जागा उरते.

लग दाबायला योग्य क्रिंपिंग टूल हवं. पकडीने चेपलेला लग वरून ठीक दिसतो, आत तारा मोकळ्याच असतात. दाबल्यावर जोरात ओढून बघा. सुटायचा तर आत्ता सुटू दे. फक्त सोल्डर करण्याचा मोह टाळा: वितळलेलं कथील तारांमधून वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा कडक होतो आणि कंपनाने नेमका कडक-मऊच्या सीमेवर तुटतो. सोल्डर करायचंच तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना हीट श्रिंकचा आधार देऊन वायर बांधून ठेवा.

पुढे जाणारी वायर स्टीअरिंगजवळून नेताना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, दोन्ही टोकांना ती सैल राहिली पाहिजे. टाकीखाली जिथे पत्र्याची धार आहे तिथे नळी. टाय गळफास लावल्यासारखे आवळू नका.

हॉर्नला स्वतःचा छोटा रिले लागतो, कारण हँडलवरचं बटण ८ अँपिअरचं नसतं. काही गाड्यांत बटण पॉझिटिव्ह देतं, काहींत हॉर्नला पॉझिटिव्ह कायम असतो आणि बटण निगेटिव्ह देतं. शोधत बसू नका: मूळ हॉर्नच्या दोन्ही वायरी काढून नव्या साध्या रिलेच्या ८५ आणि ८६ ला लावा, दोन्ही पद्धतींत चालतं (इथे डायोडवाला रिले मात्र दिशा बघून). ३० ला फ्यूज बॉक्सची वायर, ८७ हॉर्नला. केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ प्रमाणे अनेक सुरांत वाजणारा हॉर्न लावता येत नाही, तेव्हा निवडताना तेवढं बघा. फॉग लाइट ३ अँपिअरचेच असल्याने बऱ्या प्रतीचा हँडल स्विच ते थेट पेलतो. पाकिटावर १० अँपिअर लिहिलेला स्विच १० पेलेल यावर मात्र कोणी पैज लावू नये.

चालू करण्याआधी

मुख्य फ्यूज घालायची घाई नको. शाखांचे सगळे फ्यूज काढलेले असताना मल्टिमीटर ओहमवर ठेवून बॉक्सच्या पॉझिटिव्ह बोल्टपासून निगेटिव्ह पट्टीपर्यंत मोजा. शून्याच्या जवळ काही आलं तर कुठेतरी शॉर्ट आहे.

त्यानंतर जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनांची युक्ती: मुख्य फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब दोन वायरींनी जोडा. किल्ली लावा, रिले टक् वाजेल. बल्ब विझलेलाच राहिला तर सगळं ठीक. लख्ख पेटला तर शॉर्ट आहे, पण बल्ब दोन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही, त्यामुळे काहीच जळत नाही. मग शाखांचे फ्यूज एकेक घालत जा, वस्तूंचे स्विच बंद ठेवून. ज्या फ्यूजला बल्ब लख्ख होईल ती वायर दोषी. डझनभर फ्यूज उडवण्यापेक्षा हे स्वस्त.

सगळं शांत असेल तर बल्ब काढून खरा फ्यूज. फॉग लावा आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दिव्याच्या पॉझिटिव्हपर्यंत व्होल्ट मोजा. वाटेत जे हरवलं ते इथे दिसतं. निगेटिव्हच्या बाजूनेही तसंच. प्रत्येकी ०.२-०.३ च्या आत असावं. पंपाच्या सॉकेटला ०.७५ ची तीन मीटर वायर, जाऊन-येऊन, वापरली असती तर १० अँपिअरला ०.७ व्होल्ट वायरीतच गेले असते, १.५ च्या वायरीत ०.३५. शेवटी बॅटरीवर मीटर ठेवून इंजिन चालू करा. आयडलवर सगळं लावून १३ च्या खाली घसरत असेल तर बॅटरी खर्च होते आहे. ३०००-४००० आरपीएमला १३.८ ते १४.४ यायला हवेत.

नंतर काय बिघडतं

घालताक्षणी फ्यूज उडाला तर शॉर्ट, यात शंका नाही. महिन्या-दोन महिन्यांनी, तेही खड्ड्यांतून किंवा हँडल वळवतानाच उडत असेल तर वायर कुठेतरी घासते आहे. स्टीअरिंग आणि सीटची बिजागरी आधी बघा. फ्यूज शाबूत पण वस्तू बंद असेल तर बहुधा निगेटिव्ह.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे फ्यूज न उडता त्याचं घर वितळणं. लोक म्हणतात फ्यूजने काम केलं नाही. त्याने काय करावं? करंट १० च होता. पण त्याचे पाय सैल बसले होते किंवा गंजले होते, आणि त्या सांध्याचा रेझिस्टन्स ०.०५ ओहम झाला. १० चा वर्ग गुणिले ०.०५: पाच वॉट. नंबर प्लेटच्या बल्बाएवढी उष्णता हरभऱ्याएवढ्या जागेत, तासन्‌तास. असं घर पुन्हा वापरू नका, फ्यूज कितीही नवा घातला तरी. बसवताना पायांना डायलेक्ट्रिक ग्रीसचं बोट लावा. बॅटरीच्या टोकांना साधं व्हॅसलिनही चालतं.

गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहिल्यावर स्टार्ट होत नसेल तर कायम चालू असलेल्या घराकडे बघा. ट्रॅकर असो की थेट बॅटरीला जोडलेला चार्जर, २० मिलिअँपिअर खाल्ले तरी ९ अँपिअर-अवरची बॅटरी १९ दिवसांत तळाला जाते, आणि स्टार्टर त्याच्या बराच आधी हात टेकतो. महिनाभर परगावी जायचं असेल तर ट्रॅकरचा फ्यूज काढावा की गाडी चोरीला जाण्याची जोखीम घ्यावी, हे ज्याचं त्याने ठरवावं. ट्रिकल चार्जर (बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा) लावून ठेवता आला तर प्रश्नच मिटतो.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर बॅटरीचे आणि पट्टीचे सगळे स्क्रू पुन्हा आवळा. नवी वायर दाबाखाली बसते आणि स्क्रू सैल पडतात. झाकणाच्या आत कायम मार्करने लिहा: घर १ फॉग ५, घर २ चार्जर ५, घर ३ हॉर्न १५, घर ४ सॉकेट १५. शेजारी २, ५, १५ आणि २० चे प्रत्येकी दोन जादा फ्यूज एका छोट्या पिशवीत. आणि धुलाई सेंटरवर गाडी दिली तर फवारा सीटखाली मारू नको म्हणून सांगा. पाऊस वरून पडतो, तो पाइप खालून शिरतो.